तरडगावच्या तळावर

आळंदीहून ज्ञानोबा माउलींच्या पालखीबरोबर पंढरीच्या वारीला निघालो तेव्हा दिंडीचा नंबर माझ्या लेखी नुसता आकडा होता, मुक्कामाला सामानाचा ट्रक शोधण्यापुरता. तरडगावला पोचेपर्यंत त्याच नंबरासाठी मी भांडायला उभा होतो.

झालं असं. लोणंद सोडलं, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, म्हणजे रस्त्यावर उभ्या दिंड्यांमधून अश्वांची दौड. दिंड्या रस्त्यावर लागताना मागची दिंडी रेटारेटीत आमच्या पुढे गेली. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीची जागा ठरलेली. तो क्रम मोडला. मला स्वतःला अश्व नीट दिसले, टापांखालची माती कपाळाला लावायलाही मिळाली. माझं काहीच गेलं नव्हतं. तरी आतून खदखदत होतं: आमची जागा घेतली!

हे ‘आमची’ कधी आलं? बहुधा दिवेघाटात. शेजारचे टाळकरी परभणीकडचे शेतकरी. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही, आम्ही एकमेकांना माउलीच म्हणायचो. चढावर माझा टाळ मागे पडला की ते मान न वळवता पाऊल जरा जोरात टाकायचे. त्या पावलावर मी ठेका धरायला शिकलो. वारीत जात गळून पडते असं मी म्हणणार नाही. पंगतीत आडनाव विचारणारे भेटलेच. पण माझ्या हुद्द्याची चौकशी कुणी केली नाही. वाटेत प्रश्न एकच, “माउली, दिंडी कितवी?” आणि नंबर सांगताना माझा आवाज आपोआप खणखणीत व्हायचा.

संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहिल्या. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावला आणि एवढा मोठा तळ क्षणात गप्प झाला. टाळ फक्त आमचे वाजत राहिले. ज्या दिंडीची तक्रार असते तिने टाळ थांबवायचे नाहीत, अशी रीत. टाळाची दोरी बोटात रुतत होती. एवढ्या शांततेत एकट्याने आवाज करायची माझी आयुष्यात कधी छाती झाली नसती.

चोपदार आले. आमच्या प्रमुखांनी गाऱ्हाणं सांगितलं. उद्यापासून क्रम पाळायचा, असं ठरलं. टाळ थांबले.

माझा चालूच होता. शेजारच्या माउलींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“झालं माउली. ऐकलं त्यांनी आपलं.”