होमस्कूलिंग संमेलनासाठी संभाजीनगर: मंगल कार्यालयातला मुक्काम, येसर आमटी अन् थोडा हिशोब

संमेलनाची फी कुणाला जड जात नाही, जड जातं ते चौघांचं राहणं अन् लेकरांची दर दोन तासाला लागणारी भूक. आम्ही परभणीचे, मी, नवरा, अकरा वर्षांची लेक अन् सात वर्षांचा पोरगा, दोघंही घरीच शिकतात, आणि यावेळी होमस्कूलिंगवाल्या पालकांचं संमेलन संभाजीनगरला सिडको भागात होतं म्हणजे तसं जवळच, म्हणून ठरवलं की जायचं तर मुक्कामीच जायचं, सकाळी जाऊन रात्री परत असली पळापळ नको. तारखा नेमक्या पितृपक्षातल्या. सासूबाईंनी नाक मुरडलं, "या दिवसांत कुठं गावोगाव फिरायलात", पण खरं सांगू का, जे काही स्वस्तात झालं ते पितृपक्षामुळंच झालं.

लातूर, नांदेड, जालन्याकडची ओळखीची काही कुटुंबं याच संमेलनाला निघाली होती आणि जो तो आपापली रूम शोधत बसलेला. रूमचं भाडं ऐकायला बरं वाटतं, मग जादा गादीचे वेगळे, गरम पाणी सकाळी तेवढ्या वेळातच, अन् लेकरांनी जरा उड्या मारल्या की खालून फोन. नांदेडच्या एक ताई म्हणल्या, अगं मंगल कार्यालय विचारा की, चातुर्मास चालूय, लग्नाची तिथी नाही, त्यात पितृपक्ष, त्यांच्याकडं तरी आत्ता कोण येणार. आणि मिळालं, संमेलनाच्या जागेपासून चालत जाता येईल असं. हॉल नको म्हणून सांगितलं, फक्त वरपक्ष-वधूपक्षाच्या खोल्या अन् मागचं स्वयंपाकघर. गाद्या, उशा, मोठी पातेली सगळं तिथंच. वाटून आलेलं भाडं साध्या लॉजच्या निम्म्यावर आलं, आणि लेकरांना रात्री पळायला मोकळं अंगण, ते वेगळंच.

पण कार्यालय घेताना बोलणी तोंडी ठेवू नका. लाइट बिल मीटरप्रमाणे असतं बऱ्याच ठिकाणी, तेव्हा आत शिरल्या शिरल्या मीटरचा फोटो काढायचा. सिलिंडर भाड्यात आहे का आपण आणायचा, सफाईचे वेगळे का, डिपॉझिट कधी परत, हे सगळं मेसेजवर लिहून घ्या. चादरी घरून न्या, गाद्या बऱ्या असतात पण चादरींची गॅरंटी नाही, आणि सप्टेंबरात डास म्हणजे काय विचारूच नका. सगळ्यात महत्त्वाचं पाणी. जायकवाडी एवढं शेजारी असून संभाजीनगरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं हे आपल्या सगळ्यांना माहितीय, तर बोअर आहे का, टाकी भरलेली मिळणार का हे भाड्याच्या आधी विचारा. पिण्याला आम्ही 20 लिटरचे जार मागवले, बाटल्या विकत घेण्यात काही राम नाही.

लग्नसराईत संमेलन आलं तर हे जमणार नाही. तेव्हा बुकिंगच्या आधी कालनिर्णय उघडून तिथ्या बघा, मोठ्या तिथीला लॉजसुद्धा वऱ्हाडानं भरलेले असतात. आणि नवरात्र असेल तर कर्णपुऱ्याची यात्रा, स्टेशनकडं त्या दिवसांत तुफान गर्दी.

लॉजच घ्यायचा असेल तर अॅपवर फोटो बघा अन् मग थेट फोन लावा, "दोन रात्री राहणार, लेकरं आमच्याच गादीवर झोपतील" एवढं म्हणलं तरी भाव उतरतो. चेकआउट 24 तासांचा आहे का दुपारी 12 चा हे विचारायचंच, कारण सकाळच्या गाडीनं उतरणाऱ्याला 12 वाल्या ठिकाणी एकतर बाहेर बसावं लागतं नाहीतर जादा पैसे. बिल वाचा, 7,500 पर्यंतच्या रूमवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे. एकच रात्र असेल तर स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचं बघा, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर बुक होते. आणि माझं मत विचाराल तर लांबची स्वस्त रूम घेऊच नका, दिवसातून चार वेळा रिक्षा केली की वाचवलेलं सगळं जालना रोडवरच सांडतं.

आता खाणं. प्रवासाला दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी, दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या. सकाळी सगळ्यांची मिळून सुशीला, चुरमुरे भिजवायचे, पिळायचे, फोडणीत टाकायचे, वीस जणांचा नाष्टा चहा होईपर्यंत तयार, गॅसही फार जळत नाही. लातूरच्या काकूंनी येसराचा, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्याच्या पिठाचा, डबा आणलेला, त्यांचे उपकार विसरणार नाही, फोडणीत पाणी उकळलं, येसर कालवून टाकलं की आमटी. भाकरी मात्र आम्ही तिथं थापल्या नाहीत, संमेलनाला आलोय का भाकरी थापायला, जवळच्या पोळीभाजी केंद्रातून भाकरी घेतल्या. पुरुष मंडळींनी भांडी घासली हेही लिहून ठेवते. लॉजवर असाल तर येसर इलेक्ट्रिक केटलमध्येही होतं, फक्त मालकाला आधी विचारा अन् नंतर केटल घासून घ्या नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या चहाला लसणाचा वास.

दुपारचं कूपन संमेलनातच घ्या. पैसे वाचवायला दुपारी रूमवर जाऊन जेवायचं असं काहींनी केलं, पण खरं बोलणं तर जेवणाच्या रांगेतच होतं. माझी एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेच्या बोर्डाची, गाठ तिथंच सुटली, एका आईनं ताट हातात घेऊनच समजावलं की त्यांच्या मुक्त बेसिक शिक्षणात ए, बी, सी स्तर म्हणजे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचं, अन् दहावीला वय 14 पूर्ण लागतं. आपल्या राज्य बोर्डाचा 17 नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा, हा दुसरा रस्ता, त्यावर वेगळं सेशनच होतं. कूपन मोठ्यांची घेतली, लहान्यानं माझ्याच ताटात खाल्लं.

पैसा खरा गळतो तो चार वाजता. सेशन चालू असतं, लेकरं कंटाळलेली, बाहेर वडापाव, पॉपकॉर्न, आइस्क्रीम, अन् शांत बसावं म्हणून आपण पन्नास-पन्नासच्या नोटा काढत राहतो. त्यासाठी चिवडा, केळी, गूळ-शेंगदाणे पिशवीत ठेवा. एक संध्याकाळ मात्र बाहेर खा. शाकाहारी असाल तर गुलमंडीकडं जा, नसाल तर जुन्या शहरात नान-खलिया, संभाजीनगरला जाऊन तो न खाता परत येणं मला तरी पटत नाही. मोठ्या हॉटेलात बसलात तर सर्व्हिस चार्ज सक्तीचा नसतो, बिलात दिसला तर काढायला सांगा.

पुस्तकांच्या स्टॉलवर सगळे हात मोकळे सोडतात. आम्ही कुटुंबांमध्ये वाटून घेतली, एक संच एकानं, दुसरा दुसऱ्यानं, आता परभणी-नांदेड अशी देवाणघेवाण चालूय.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. रेल्वेत 5 ते 12 वर्षांच्या लेकराला वेगळा बर्थ मागितला तर पूर्ण भाडं, नाही मागितला तर निम्मं. एसटीत त्याच वयाला अर्धं तिकीट अन् बायकांना 2023 पासून अर्धं, म्हणजे आमच्या चौघांत पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं, त्यावरून पोरांनी त्याला वेरूळपर्यंत चिडवलं.

हो, संमेलन रविवारी संपलं की सोमवारी वेरूळ करा, आपल्या लेकरांना कुठली शाळा गाठायचीय. मंगळवारी वेरूळ बंद अन् सोमवारी अजिंठा बंद, हे उलटं करू नका. मोठ्यांना 40 रुपये, 15 च्या आतल्यांना फुकट, आधार जवळ ठेवा. कैलास लेणं म्हणजे 16 नंबर, ते आधी बघा, ऊन चढायच्या आत, वरून खाली कोरत आणलंय हे लेकरांना बाजूच्या डोंगरावर चढवून दाखवलं की पटकन कळतं, पाऊस झालेला असेल तर तिथं जपून. डबा सोबत न्या. येताना दौलताबादकडं रस्त्यावर सीताफळाच्या टोपल्या लागतात, तिथं भाव करायला लाजू नका.