वाळवंटात ओले पाय

वाळवंटात जायचं म्हणून पाण्याची सगळी तजवीज केली होती. मोज्यांची केली नव्हती. तीन दिवस मला छळलं ते मोज्यांनीच.

अमेरिकेतल्या युटा राज्यात दक्षिणेला एस्कलान्टे नावाचं छोटं गाव आहे. कायोटी गल्च या खोल घळीतून तीन दिवस पायी भटकायला आमचा नऊ जणांचा गट आणि दोन गाइड सकाळी तिथून निघालो. गाव मागे पडलं की होल-इन-द-रॉक रोड लागतो. १८७९ साली मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची सुमारे अडीचशे मंडळी, अगदी बायकामुलांसकट, नवी वसाहत करायला याच बाजूनं गेली आणि पुढे कड्यातली एक फट रुंद करून त्यांनी आपल्या गाड्या कोलोरॅडो नदीकडे उतरवल्या. आमची व्हॅन त्या कच्च्या रस्त्यावर पन्नासेक किलोमीटर अशी थडथडत गेली की बोलायला तोंड उघडलं तर जीभ चावली जायची.

हरिकेन वॉश या कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी सॅक पाठीवर चढवली. डोंगरात आधी चढ असतो आणि परतताना उतार. इथे उलटं, गाडी वर ठेवून खाली उतरायचं. चढ शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेला.

सुरुवातीला नुसती कोरडी वाळू, सावली नावालाही नाही. मग वाळू ओलसर झाली, मग एक चमकती रेघ दिसली आणि बघता बघता घोट्याएवढा ओढा वाहायला लागला. गाइड म्हणाली, "सरळ पाण्यातून चला." मी शहाणा! मोजे कोरडे राहावेत म्हणून दगडांवरून उड्या मारत निघालो. चौथ्या की पाचव्या दगडावरून बैठक मारली ती थेट ओढ्यात. त्यानंतर पाण्यातूनच चाललो.

कायोटी गल्चच्या भिंती पुढे पुढे उंच होत जातात. हा नवाहो वालुकाश्म, म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन राहिलेल्या. खडकावर तिरप्या रेघा दिसतात, वाऱ्यानं वाळूचे थर जसे रचले तशाच. हात फिरवला तर बोटांना अजून वाळूच लागते. जेकब हॅम्बलिन या खडकातल्या नैसर्गिक कमानीपाशी ओढ्याला असं वळण आहे की समोरचा कडा अर्ध्या घुमटासारखा डोक्यावर येतो. तिथे कुणी शिंकलं की भिंतही शिंकते. जवळच कड्यातून झरा पाझरतो. त्याचं पाणी गाळून घेतलं आणि तंबू उंचवट्यावर लावले. उंचवट्यावर का, ते गाइडनं न बोलता बोटानं दाखवलं: आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, कपारीत एक अख्खा ओंडका अडकला होता. पाऊस लांब कुठेतरी पडतो, पूर इथे येतो.

शेकोटीला बंदी. आणि आता पिशवीबद्दल सांगायलाच हवं. या घळीत शौच पुरायची सोय नाही, पिशवीत भरून बरोबर न्यायची. आत एक भुकटी असते, ती सगळं घट्ट करते. पहिल्या दिवशी सगळे 'जरा जाऊन येतो' म्हणत पिशवी जॅकेटखाली लपवत होते. तिसऱ्या दिवशी नाश्ता करताना कुणाच्या किती झाल्या याची उघड चौकशी चालली होती. अनोळखी माणसांना जवळ आणायला गप्पांपेक्षा ही पिशवी बरी पडते, असं माझं मत झालंय.

शेवटच्या दिवशी तो राखून ठेवलेला चढ आला. वाळूचा मोठा घसरडा उतार, दोन पावलं वर, एक खाली. त्याच्या माथ्यावर क्रॅक-इन-द-वॉल, म्हणजे कड्यापासून सुटलेल्या शिळांमागची फट. माणूस आडवा होऊन, पोट आत ओढून जातो. सॅक जात नाही, ती दोरीनं वर ओढावी लागते. माझी पिशवी सॅकच्या बाहेर बांधलेली. दोरी ताणली गेली, सॅक भिंतीला घासत, गिरक्या घेत वर निघाली. खाली उभे असलेले आठही जण न सांगता एकदम चार पावलं मागे सरकले.

वर पोहोचल्यावर बाकीचे समोर दिसणाऱ्या स्टीव्हन्स या दुसऱ्या नैसर्गिक कमानीचे फोटो काढण्यात गुंग झाले. मी आधी गाठ तपासली. शाबूत होती. मग खडकावर बसून मोजे उलटे केले. ओंजळभर वाळू निघाली.