इस्पिकचा राजा कुणाकडे?

आज गुरुवार, म्हणजे डुप्लिकेट ब्रिजचा दिवस, सगळ्या टेबलांवर तेच डाव खेळून स्कोअर ताडायचे. झोप आलीये पण बारावा बोर्ड, म्हणजे बारावा डाव, लिहून ठेवल्याशिवाय झोपायचं नाही असं ठरवलंय, कारण काका इतके महिने जे सांगत होते ते आज टेबलावर माझ्याच हातून झालं आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये.

आधी पानं लिहिते. मी साऊथ, काका माझ्यासमोर नॉर्थ. डीलर वेस्ट, म्हणजे माझ्या डावीकडच्या बाई. आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे आमचे बोनस आणि दंड दोन्ही मोठे, ते नाहीत. माझ्याकडे इस्पिक राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, छक्की, चव्वी अशी सहा पानं, बदाम राणी आणि पंजी, चौकट राजा, राणी, तिर्री, आणि किलवर एक्का, अठ्ठी. एकूण १४ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). बाई पास, काका पास, उजवीकडचे पास, मी वन स्पेड. आता बाईंनी डबल टाकला, टेकआऊट डबल, म्हणजे इस्पिक सोडून बाकी तीन रंगांत माझ्याकडे पानं आहेत, पार्टनर तू बोल. काकांनी टू नो ट्रम्प टाकला. डबल आल्यावर आमच्यात याचा अर्थ नो ट्रम्प खेळायचंय असा नसतो, हुकुमाची चार पानं आहेत आणि साधारण दहा-अकरा पॉइंट आहेत, तुझ्याकडे थोडं जास्त असेल तर गेमला, म्हणजे मोठा बोनस देणाऱ्या बोलीला, जा, असा असतो. मी फोर स्पेड्स, म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरातल्या दहा ट्रिक करायच्या. सगळे पास.

बदामच्या एक्क्याची उतारी आली आणि काकांनी डमी, म्हणजे त्यांची पानं, टेबलावर उघडी मांडली: इस्पिक एक्का, नव्वी, पंजी, दुर्री, बदाम तीन छोटी, चौकट गुलाम, छक्की, दुर्री, किलवर राजा, राणी, छक्की. बाईंनी बदामचा एक्का आणि राजा दोन्ही वाजवले, माझी राणी गेली, तिसऱ्यांदा बदाम आलं ते मी हुकुमाने मारलं. दोन ट्रिक गेल्या. चौकटचा एक्का जाणारच, म्हणजे तीन. चौथी गेली की एक डाऊन, म्हणजे सगळं इस्पिकच्या राजावर आलं. आमच्याकडे दोघांत मिळून दहा हुकूम, बाहेर फक्त राजा, सत्ती आणि तिर्री. अशा वेळी कुणीही सांगेल की राणी चाला आणि फिनेस घ्या, म्हणजे एक्का न घालता राणी जाऊ द्या, राजा डावीकडे असला तर पकडला जाईल, निम्मे चान्स.

आणि बाईंनी तर डबलपण केला होता! डबल म्हणजे पॉइंट, पॉइंट म्हणजे राजा तिकडेच, असं पहिल्यांदा मनात येतंच.

पण त्यांनी आधी पास केला होता. सगळ्यात पहिला पास, डीलर असताना, कुणी काही बोलायच्या आधी. तो पास मला आज ऐकू आला. बदाम एक्का-राजा म्हणजे ७ पॉइंट तर दिसलेच. आता चौकटचा एक्का कुणाकडे हे कळलं तर सगळं कळेल. तो बाईंकडे असेल तर ११ झाले, त्यात इस्पिकचा राजा घातला तर १४, आणि १४ पॉइंट घेऊन कुणी डीलर असताना पास करत नाही. म्हणजे राजा उजवीकडे. उलट चौकटचा एक्का उजवीकडे निघाला तर बाईंनी नुसत्या ७ पॉइंटवर डबल केलेला नसणार, मग इस्पिकचा राजा त्यांच्याकडेच हवा आणि फिनेस घ्यायचा. म्हणून हुकमाला हात लावायच्या आधी मी चौकटचा राजा चालले. थोडा धोका होता, बाहेर चौकटची सात पानं, विचित्र वाटली गेली असती तर कुणीतरी चौकट मारू शकलं असतं, पण माहिती त्याहून मोलाची होती. बाईंनी एक्का घातला. परत चौकट आलं, ते मी राणीने घेतलं, मग इस्पिकची राणी चालले, बाईंनी तिर्री टाकली आणि मी डमीतून एक्का मागितला. उजवीकडून राजा पडला, एकटा. ६२० पॉइंट.

स्कोअर बघितला तर बऱ्याच टेबलांवर फोर स्पेड्स एक डाऊन होता.

आता इथे एक गोष्ट मला स्वतःसाठी नीट लिहून ठेवायचीये. राजा उजवीकडे आहे हे कळलं तरी तो एकटाच असेल असं काही नव्हतं, तशी शक्यता साधारण शंभरात २६, म्हणजे चारातली एक. तो दुसऱ्या हुकमासोबत असता तर मीही एक डाऊन गेले असते, आणि तरीही एक्का घालणंच बरोबर ठरलं असतं कारण फिनेसची शक्यता शून्य झाली होती. ब्रिजमध्ये निकाल बघून खेळ चांगला की वाईट ते ठरवायचं नाही हे काका सारखं सांगतात, आणि मला हे फार पटतं.

मी शिकायला लागले तेव्हा सगळं लक्ष कन्व्हेन्शनवर, म्हणजे पार्टनरशी ठरवलेल्या खास अर्थाच्या बोलींवर होतं. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, पूर्ण पॅकमध्ये ४० पॉइंट, दोघांत मिळून २५-२६ असले की गेम, एवढं झालं की लगेच स्टेमन, मग ट्रान्सफर, मग ब्लॅकवुड, मग व्हिडिओ बघून अजून काय काय, आणि प्रत्येक नवीन गोष्ट आली की वाटायचं आता खेळ सुधारणार. हे सगळं लागतंच, मी त्याला कमी लेखत नाही, स्टेमन (वन नो ट्रम्पनंतर पार्टनरला चार पानी मेजर आहे का विचारायची बोली) नसता तर ४-४ चा मेजर, म्हणजे दोघांकडे चार-चार इस्पिक किंवा बदाम, सापडायला किती त्रास झाला असता. पण ते झालं आपण आणि पार्टनर काय बोलतो त्याबद्दल. खेळात सुधारणा मला जी जाणवतेय ती दुसऱ्या बाजूने आलीये: कोण काय बोललं नाही हे लक्षात ठेवण्यातून. बिडिंग बॉक्समधलं हिरवं पासचं कार्ड सगळ्यात जास्त वेळा बाहेर येतं आणि आपण त्याच्याकडे सगळ्यात कमी बघतो.

खरं तर या खेळाची रचनाच अशी आहे. आधी खेळायचे त्या ऑक्शन ब्रिजमध्ये तुम्ही कमी बोली लावून जास्त ट्रिक केल्या तरी त्या गेमच्या हिशोबात धरल्या जायच्या, म्हणजे बोली स्वस्तात मिळवली की काम झालं. हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्टने १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर मित्रांबरोबर जे नवीन गुणांकन खेळून बघितलं त्यात जेवढं बोललात तेवढंच गेममध्ये मोजणार असं झालं, आणि व्हल्नरेबलची भानगडही तिथूनच आली. त्यामुळे १४ पॉइंट असलेल्या माणसाला आता गप्प बसणं परवडत नाही, गेम हुकला की मोठा बोनस जातो. आज बाईंच्या पासवर मी विश्वास ठेवू शकले तो या गुणांकनामुळेच. मला हे फार सुंदर वाटतं, की हिशोबाची पद्धत बदलली आणि त्यामुळे न बोलण्याला अर्थ आला.

डिफेन्सला तर याचा अजून उपयोग होतो आणि डिफेन्स हाच सगळ्यात अवघड भाग आहे, निम्मा वेळ आपण डिफेन्समध्येच असतो तरी शिकवताना त्याला शेवटचा नंबर का देतात कळत नाही. समजा समोरच्यांनी वन नो ट्रम्प, लगेच थ्री नो ट्रम्प केलं. स्टेमन विचारलाच नाही. म्हणजे डमीत बहुतेक चार पानी मेजर नाही. मग माझ्याकडे मेजर आणि मायनर (चौकट, किलवर) दोन्ही सारख्याच असतील तर उतारी मेजरची. किंवा वन हार्ट, टू हार्ट्स आणि मग सगळे पास, माझ्यापर्यंत आलं. ते गेमला गेले नाहीत म्हणजे त्यांचे फार तर २३-२४, बाकीचे आमच्याकडे. माझ्याकडे ८ आहेत, तर काकांकडे आठ-नऊ तरी असणारच, त्यांचा पास म्हणजे पानं वाईट आहेत असा नाही, त्या क्षणी बोलायला जागा नव्हती असा आहे. तिथे मी आता स्पर्धा करते, त्यांना टू हार्ट्सवर आरामात खेळू देत नाही.

नो ट्रम्पविरुद्ध काकांनी रंगातल्या वरून चौथ्या पानाची उतारी केली की अकराचा नियम. काकांनी छक्की टाकली, अकरातून सहा गेले पाच, म्हणजे छक्कीहून मोठी पाच पानं बाकीच्या तिघांत मिळून. डमीत तीन दिसतायत, माझ्याकडे दोन आहेत, झालं, डिक्लेअररकडे (बोली जिंकून खेळणाऱ्याकडे) त्या रंगात छक्कीच्या वर काहीच नाही. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मला समोरच्याची पानं उलटी करून दाखवल्यासारखं वाटलं होतं.

मोजण्याबद्दल पण लिहिते कारण काल काकांशी फोनवर बराच वेळ हेच बोलणं झालं. प्रत्येक पडणारं पान मोजत बसलं की डोकं थकतं आणि नवव्या ट्रिकला सगळं विसरायला होतं. काका म्हणतात पानं मोजू नकोस, माणसाचा आकार मोज. १३ पानांचे आकार थोडेच आहेत, ४-४-३-२ सगळ्यात जास्त वेळा येतो, शंभरात २१-२२ वेळा, मग ५-३-३-२, ५-४-३-१, ५-४-२-२, ४-३-३-३, बाकीचे अधूनमधून. हे आकडे पाढ्यांसारखे पाठ झाले की कुणी पाच बदाम आणि चार किलवर दाखवली की उरली चार, ती ३-१ किंवा २-२, कधीतरी ४-०, एवढंच बघायचं. एकाच माणसाची पानं मोजायची, दुसऱ्याची आपोआप निघतात. मी सध्या बीबीओवर (ऑनलाइन ब्रिजची साइट) रोज थोडे डाव कॉम्प्युटरबरोबर खेळते आणि डाव संपला की बाकीची पानं बघायच्या आधी डावीकडच्या रोबोटचा आकार कागदावर लिहिते, मग ताडून बघते. हा सराव मला नवीन कन्व्हेन्शन शिकण्यापेक्षा जास्त कामाचा वाटतोय.

काकांना २०१८ ची जकार्ता एशियन गेम्स फार आवडते विषय म्हणून. ब्रिज तिथे पहिल्यांदाच आलं आणि पुरुषांच्या पेअर्समध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ डे सरकार यांनी भारताला गोल्ड मिळवून दिलं, तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते आणि सरकार ५६. लोकांनी वयाचं कौतुक केलं, काका मात्र म्हणतात की ती जोडी कित्येक वर्षं एकत्र खेळत होती ते बघ. पार्टनरचा पास कुठला रिकामा आणि कुठला भरलेला हे पुस्तकात नसतं, ते एकत्र बसून बसून कळतं. आणि कळतं ते बोलीवरून, चेहऱ्यावरून नाही. पार्टनर किती वेळ थांबला, पास जोरात ठेवला का हळू, यावरून काही ठरवणं नियमात बसत नाही आणि मला त्याबद्दल फार वाटतं, त्यामुळे काका विचार करत बसले की मी नजर टेबलावरच ठेवते. समोरच्यांच्या थांबण्यावरून अंदाज बांधायला मात्र परवानगी आहे, आपल्या जबाबदारीवर.

आजच्या डावावर एक प्रश्न मात्र शिल्लक आहे आणि घरी येताना रिक्षात आम्ही दोघं त्यावरच बोलत होतो. सगळा तर्क कशावर उभा होता? बाई १४ वर पास करणार नाहीत यावर. १४ वर कुणीच करणार नाही हे ठीक, पण समजा दिसलेले ८ असते आणि राजा धरून ११ होत असते तर? काही जोड्या आजकाल ११ वर सर्रास ओपन करतात, म्हणजे पहिली बोली लावतात, पाच पानी रंग असेल तर १० वरही, आणि काही जुने खेळाडू १२ सपाट असले तर पास करतात. आजच्या बाईंची पानं नंतर बघितली: इस्पिक दोन, बदाम चार, चौकट तीन, किलवर चार, ११ पॉइंट. ११ आणि दोन लांब रंगांची आठ पानं मिळून १९, २० च्या नियमाने एक कमी, म्हणून पास. हलकं ओपन करणाऱ्या जोडीने असलीच पानं ओपन केली असती, म्हणजे त्यांच्यापैकी कुणी पास केला तर त्या पासमधून अजून पॉइंट वजा करायला हवेत.

म्हणून पुढच्या गुरुवारपासून राऊंड सुरू व्हायच्या आधी समोरच्यांचं कन्व्हेन्शन कार्ड (त्यांच्या बोलींचे अर्थ लिहिलेलं) मागून बघायचं, वन नो ट्रम्पची रेंज तर सगळेच बघतात, मी ओपनिंग किती हलकं आहे तेही विचारणार. आणि आमचं स्वतःचं ठरवायचं राहिलंय. काकांना तिसऱ्या सीटवर, म्हणजे आधीच्या दोघांनी पास केल्यावर, १० वर ओपन करायला आवडतं, माझं म्हणणं की रंग उतारीला चांगला असेल तरच करा, नाहीतर मी डिफेन्सला चुकीचा रंग चालत बसणार. ते पासनंतरचं टू क्लब्स पण घ्यायचं म्हणतायत, म्हणजे मी आधी पास केलेला असताना त्यांचं ओपनिंग खरं की हलकं ते मला टू च्या लेव्हललाच विचारता येईल. रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाणार आहे, काकूंनी आंबोळ्या करते म्हणून सांगितलंय, तेव्हा कार्ड घेऊनच बसू.