एका नावाचे दोन नावाडी

गेली अकरा वर्षे मी नागपुरात आवाजाचे काम करते. सुरुवातीला फक्त जाहिराती आणि माहितीपट होते, अलीकडे ऑडिओबुकची भर पडली आहे. मुलांसाठी लिहिलेल्या एका मराठी अद्भुत कादंबरीचे अभिवाचन माझ्याकडे आले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. रात्री उलटी वाहणारी एक नदी, तिच्या पलीकडचे गाव शोधत निघालेली एक मुलगी आणि तिला वेळोवेळी पैलतीरी नेणारा चारव नावाचा म्हातारा नावाडी, असा तो सगळा प्रकार. छापील पुस्तक सुमारे साठ हजार शब्दांचे आहे. माझ्या वेगाने ते साडेआठ तासांच्या आसपास जाते, आणि ऐकायला तयार झालेल्या एका तासासाठी मला माइकसमोर किमान अडीच तास बसावे लागते.

पहिली आठ प्रकरणे मी मार्चमध्ये धरमपेठेतल्या एका छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली आणि नंतर काम थांबवावे लागले. नागपूरच्या उन्हाळ्यात ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाच कळेल की इथे उकाड्याइतकाच त्रास कूलरचाही असतो. आपला कूलर बंद ठेवून घामाघूम होत वाचता येते, पण भिंतीपलीकडच्या घराचा कूलर बंद करा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्याची घरघर शांत वाक्यांच्या खाली ऐकू येऊ लागली, तसे आम्ही काम पुढे ढकलले. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, सरला, पाऊस स्थिरावला आणि जुलैमध्ये मी नवव्या प्रकरणापासून पुन्हा वाचायला बसले. मधल्या काळात मार्चमधली प्रकरणे ऐकून घेतली होती, चारवचा सावकाश, खर्जातला आवाज पुन्हा घोटला होता, आणि पात्रांच्या व गावांच्या नावांची उच्चारसूचीही समोर ठेवली होती. माझ्या समजुतीप्रमाणे तयारीत काही उणे नव्हते.

प्रकाशित होण्यापूर्वी पुस्तक मुलांना ऐकवून पाहावे असे ठरले. शहरातल्या दृष्टिहीन मुलांच्या एका निवासी शाळेने दर शनिवारी दीड तास दिला. ही कादंबरी ब्रेलमध्ये नाही, त्यामुळे त्या मुलांची तिच्याशी पहिली भेट माझ्या आवाजातूनच होणार होती. ती मुले कशी ऐकतात हे मी तिथे पाहिले. काही जण मान खाली घालून बसत, दोघे-तिघे नेहमी स्पीकरच्या अगदी जवळ येत, आणि सातवीतली एक मुलगी दोन्ही तळवे बाकावर सपाट ठेवून लाकडातून येणारा आवाजही टिपत असे.

तो दिवस मारबतीनंतरच्या शनिवारचा होता. पोळ्यानंतर नागपुरात मारबतीचे पुतळे मिरवून जाळतात आणि रोगराई, इडापिडा सोबत घेऊन जा असे त्यांना सांगतात. नववे प्रकरण संपले आणि सातवीतल्या त्या मुलीने हात वर केला. ती म्हणाली, ‘‘मॅडम, हा तो चारव नाही ना जी.’’

मला वाटले, आवाज बदलला असावा. मी तसे विचारले. ती ठामपणे म्हणाली, ‘‘नाही, आवाज तोच आहे. नाव दुसरं आहे.’’ आणि तिने दोन्ही नावे म्हणून दाखवली. पहिल्या आठ प्रकरणांत मी चहातला च वापरला होता आणि नवव्यात चाकातला.

मी काही बोलण्याआधीच तिने पुढचे सांगितले. आठव्या प्रकरणाच्या शेवटी वादळात नाव उलटते. तिच्या मते खरा चारव तेव्हाच नाहीसा झाला आणि त्याचा आवाज उचलून दुसराच कोणी वल्हे धरून बसला. मग त्या कादंबरीतल्या मुलीला हे का कळत नाही, असे एका मुलाने विचारले, त्यावर ती म्हणाली, ‘‘ती त्याचं तोंड पाहून राहिली ना, म्हणून फसून राहिली.’’ वर्ग एकदम जागा झाला. कोणी म्हणाले, तरीच तो आता पैसे मागत नाही, कोणी म्हणाले, तरीच त्याचा कंदील विझलेला असतो. दोन्ही तपशील पुस्तकात आहेत आणि दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा आहे. मागून एका मुलाने त्या खोट्या नावाड्याला उद्देशून ‘‘घेऊन जा गे मारबत!’’ अशी आरोळी ठोकली.

चूक कशी झाली हे मला तिथेच उमगले. मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि अक्षर मात्र एकेकच. ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला लागते, ‘चारा’ म्हणताना दातांच्या मुळाशी जाते. ओळखीच्या शब्दांत आपण हे न शिकता बरोबर करतो, परंतु लेखकाने कल्पनेतून घडवलेल्या नावाला अशी कोणतीही सवय पाठीशी नसते. मार्चमध्ये मी दिवसभर हिंदी जाहिराती करत होते. हिंदीत चाकातला च नाही, आणि तोच वळसा घेऊन माझी जीभ संध्याकाळी मराठी पुस्तकाकडे येत होती. जुलैमध्ये फक्त मराठी काम होते. माझी उच्चारसूची देवनागरीत होती, म्हणजे जो फरक टिपायचा तोच तिच्यात मावत नव्हता. ब्रेलमध्येही चसाठी पहिला आणि चौथा ठिपका, एवढेच. कागदावर वाचणाऱ्याला, मग तो डोळ्यांनी वाचो की बोटांनी, हा दुसरा नावाडी कधीच भेटला नसता. तो केवळ माझ्या तोंडातून जन्माला आला होता.

मी मुलांना खरे ते सांगितले. ते सांगताना मला फार जड गेले, कारण चुकीची कबुली देणे एक वेळ सोपे, पण त्यांनी मिळून उभी केलेली गोष्ट मोडून टाकणे सोपे नव्हते. वर्ग शांत झाला. त्या मुलीने बाकावरचे तळवे उचलून मांडीवर घेतले आणि विचारले, ‘‘म्हणजे तो खराच आहे?’’ मी हो म्हटले. ‘‘पुढे पण?’’ मी पुन्हा हो म्हटले.

त्याच संध्याकाळी मी लेखकांना फोन केला. नावातला च कोणता, या प्रश्नावर ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले की लिहिताना त्यांनी ते नाव कधी मोठ्याने उच्चारलेच नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःशीच दोन्ही म्हणून पाहिले आणि चाकातला च निवडला. म्हणजे आधीची आठ प्रकरणे दुरुस्त करणे आले. त्यांत ते नाव 112 वेळा आहे. नुसता शब्द बदलून चालत नाही, सांधा कानाला लागतो. अख्खे वाक्य, कधी अख्खा परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो. त्यातून मार्चचा कोरडा घसा आणि सप्टेंबरचा दमट घसा यांची पट्टी जुळेना. पावसाच्या दोन सरींमधल्या खंडात आम्ही चार दिवस ते काम केले. आता माझ्या सूचीत अशा अक्षरांखाली नुक्ता असतो आणि प्रत्येक घडवलेले नाव मी लेखकाच्या आवाजात मागवून घेते.

पुढच्या शनिवारी दुरुस्त प्रकरणे घेऊन मी शाळेत गेले. ऐकून झाल्यावर ती मुलगी माझा हात धरून दारापर्यंत आली आणि जुन्या फाइली पुसल्या का, असे तिने विचारले. नाही म्हटल्यावर तिने त्या मागितल्या. त्या खोट्या नावाड्याचे पुढे काय होते, हे ती आणि तिची मैत्रीण रात्री वसतिगृहात एकमेकींना सांगत होत्या, आणि वादळापर्यंतचा भाग त्यांना त्याच उच्चारात हवा होता. मी प्रकाशकांची परवानगी घेतली आणि मार्चमधली आठ प्रकरणे, एक शब्दही न बदलता, एका पेनड्राइव्हवर तिला नेऊन दिली.