'क्वाइट गुड' म्हणजे नक्की किती गुड?

इंग्रज माणूस तुमच्या कामाला 'क्वाइट गुड' म्हणाला तर हुरळून जाऊ नका. बहुतेक वेळा ते 'ठीक आहे, चालेल' एवढंच असतं. अमेरिकन माणूस तेच म्हणाला तर बहुधा 'खूप छान'. आमच्या टीममध्ये नेमके दोन्ही आहेत. परवा एकाच स्लाइडला दोघंही 'क्वाइट गुड' म्हणाले आणि इंग्रज साहेबांनी लगेच ती बदलायला सांगितली!

बरं, इंग्रजांचा तरी एक नियम असावा? तोही नाही. गुड, कोल्ड, इंटरेस्टिंग अशा कमी-जास्त होणाऱ्या विशेषणांमागे लागला की हा शब्द त्यांची धार बोथट करतो. पण 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे निव्वळ अशक्य आणि 'यू आर क्वाइट राइट' म्हणजे तुमचं अगदी बरोबर. खरं तर 'पूर्णपणे' हाच जुना अर्थ. हिशेब चुकता झाला की इथे, इंग्रजांच्या देशात, 'वुई आर क्विट्स' म्हणतात, त्याच घराण्यातला हा शब्द. 'बऱ्यापैकी' हा अर्थ मागाहून चिकटला. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे नव्हे, चांगले बरेच! वर आवाजाकडेही कान हवा. जोर 'क्वाइट'वर पडला तर पुढे 'पण' येणार हे धरून चाला. 'गुड'वर पडला तर जरा आशा. शाळेत आमच्याकडून 'क्वाइट' आणि 'क्वाएट'चं स्पेलिंग तेवढं घोटून घेतलं.

शेजारच्या आजोबांना आईने पाठवलेली लसूण शेव दिली. वाटी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाले, "क्वाइट नाइस." अहो, इंदूरची शेव आहे ती! तिथल्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला मसालेदार कंद) खाऊन कुणी 'बऱ्यापैकी आहेत' म्हणालं तर दुकानदार विचारेल, "क्यों भिया, नमक कम है क्या?"

आता आपणही उठसूट 'एक नंबर' म्हणतो, गार पोह्यांनासुद्धा, हे मान्य. इथे निदान तोंडदेखलं कौतुक नसतं, आणि साहेब चूक दाखवतात तीही चारचौघांत अपमान न करता. पण मनापासून आवडलेल्या गोष्टीलाही इतकं मोजून मापून?

मी तर 'क्वाइट' वापरणंच सोडलंय. आवडलं की 'व्हेरी', तेही दोनदा. साहेबांच्या भुवया वर जातात. जाऊ देत, ती अमेरिकन बाई माझ्या बाजूने आहे.