पोती वाढली, पैसा कुठं गेला?

वडील लातूरच्या मार्केटला मापाडी होते. पोतं काट्यावर चढायच्या आधीच वजन सांगायचे, आणि काटा त्यांना क्वचितच खोटं पाडायचा. मलाही पोती मोजता येत होती. पैसा मोजता येत नाही हे कळायला मात्र चार वर्षं आणि सात लाख रुपये लागले.

2013 साली औसा रोडला भाड्याच्या शेडमध्ये जुनी डाळ मिल बसवली. त्याआधी सहा वर्षं दुसऱ्याच्या मिलवर सुपरवायझर होतो. ती बचत, वडिलांची शिल्लक आणि बायकोच्या पाटल्या, एवढंच भांडवल. रोजची दहा क्विंटल तूर. कर्ज नाही, भागीदार नाही. वडील म्हणायचे, “मार्केटात बुडाले ते सगळे लोकाच्या पैशावर बुडाले.” माणूस स्वतःच्या पैशावरही बुडू शकतो, हे त्यांच्या बघण्यात आलं नसावं.

ज्यांना वाटतं तूर टाकली की डाळ पडते, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तूर चाळायची, रोलवर, म्हणजे खरबरीत फिरत्या रुळावर, सालीला ओरखडे काढायचे, तेल लावून रात्रभर ढीग मारायचा, मग गच्चीवर उन्हात पसरायची. वाळली की पाणी मारून पुन्हा मुरवायची. तेव्हा कुठं साल सुटते. ऊन चांगलं असेल तर आठवडा लागतो, आभाळ आलं तर हिशेब नाही. शंभर किलो तुरीतून आमच्याकडं सत्तर-बहात्तर किलो डाळ निघते, बाकी चुणी, म्हणजे बारीक तुकडा, आणि भुसा. म्हणजे आज तुरीला दिलेला पैसा आठवडाभर गच्चीवरच पडलेला असतो, आणि त्यानंतर व्यापाऱ्याच्या उधारीत.

2015 मध्ये डाळ दोनशे रुपये किलोवर गेली. आमच्याकडं माल थोडाच होता, पण जो होता त्यावर आम्हीही हात धुवून घेतले. त्या पैशातून दुसरा रोल घेतला, गच्ची वाढवली, वीस क्विंटलवर गेलो. डोक्यात हवा गेली म्हणा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा आम्ही माल मुरवायला टँकर विकत घेत होतो. तूर क्विंटलला नऊ हजारांवर होती. असल्या दुष्काळात भाव बारा हजारांवर जाणारच, असं समजून दोनशे क्विंटल भरून ठेवली. अठरा लाख रुपये, म्हणजे हातात मोकळे होते ते जवळजवळ सगळे.

पुढं पाऊस झाला, तुरीचा पेरा प्रचंड वाढला. 2017 च्या सुरुवातीला नवी तूर आली तेव्हा 5,050 चा हमीभावही बाजारात मिळेना. सरकारी खरेदी केंद्रांवर रांगा, बारदाना संपलेला. शेतकऱ्याचे हाल आमच्यापेक्षा वाईट होते, ते इथं सांगायलाच हवं. माझी भरलेली तूर मी पडत्या भावात काढत गेलो. सात लाख गेले.

तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी विचारावंसं वाटलं. त्याआधी विचारणं म्हणजे कमीपणा वाटायचा. आडत्याला विचारलं, तो म्हणाला, आता स्वस्त आहे, भरून घ्या. कन्सल्टंटला विचारलं, त्यानं चाळीस पानी प्रोजेक्ट रिपोर्ट आणि त्याची फी सांगितली. मशीनवाल्यानं मोठी मशीन सुचवली. सगळे भले लोक, पण ज्याच्या दुकानात जे, तेच माझं औषध.

मग अप्पा. अप्पा जुने डाळ मिलवाले. स्वतःची मिल त्यांनी फार पूर्वीच बंद केलेली, मला विकायला त्यांच्याकडं काहीच नव्हतं. मी फटका डाळीचा, म्हणजे आमच्या चांगल्या प्रतीच्या डाळीचा, नमुना घेऊन गेलो. त्यांनी चिमूटभर हातावर चोळली, बाजूला ठेवली.

“माल चांगलाय रे. वही कुठाय?”

वही बायको लिहिते. दुसऱ्या दिवशी तिलाच घेऊन गेलो. अप्पा माझ्याशी नाही, तिच्याशी बोलत बसले. रोज वीस क्विंटल, पाच हजारांनी धरा, म्हणजे रोज लाखाची तूर. सात दिवस गच्चीवर, तीस दिवस उधारीत, सदतीस लाख अडकले. क्विंटलमागं शंभर सुटतात, महिन्याचे पंचवीस दिवस, पन्नास हजार. “चाळीस क्विंटल करायचंय म्हणतोस ना? अजून सदतीस लाख आण. तुझ्या नफ्यातून ते यायला सहा वर्षं लागतील, घरात चूल पेटवली नाहीस तर.”

मी गप्प. बायकोनं विचारलं, “आणि उधारी दहा दिवसांवर आणली तर?”

अप्पा हसले. “मग वीस लाख तुमच्याच घरात सापडले की ओ.”

घरी येऊन आम्ही गिऱ्हाइकांची यादी काढली. पुण्याचा सर्वांत मोठा व्यापारी पंचेचाळीस दिवसांनी पैसे द्यायचा, आणि त्याच्या नावावर मी चौकात मिरवायचो. त्याला माल बंद केला. सहा महिने रोजची तूर वीस क्विंटलवरून चौदावर आली, वडील माझ्याशी बोलायचे बंद झाले. लातूर, उदगीर, परळीकडचे छोटे दुकानदार धरले, आठवड्याला पैसे देणारे. क्विंटलमागं दहा-वीस रुपये सोडले. मग हळूहळू वीस, पंचवीस, आज पस्तीस क्विंटल. बाहेरचा रुपया न घेता.

पोती तेवढीच असली तरी भाव वाढला की धंदा आपोआप ‘वाढतो’, हे अप्पांच्या हिशेबात नव्हतं, ते 2023 नं शिकवलं. तूर पुन्हा दहा हजारांच्या घरात गेली, त्याच पोत्याला दुप्पट पैसा लागला. जूनमध्ये सरकारनं तुरीवर साठा मर्यादा लावली. आम्ही साठा करणं आधीच सोडलं होतं, त्यामुळं पोर्टलवर आकडा भरण्यापलीकडं त्रास झाला नाही. 2022 मध्ये पंचवीस किलोपर्यंतच्या छापील पॅकिंगला पाच टक्के जीएसटी लागला तेव्हा आख्ख्या बाजारासारखे आम्हीही तीस किलोच्या कट्ट्यावर गेलो.

लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत न दिल्यास घेणाऱ्याला त्या वर्षी आयकरात तो खर्च धरता येत नाही, असा नियम 2024 पासून लागू झाला. उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आमच्याकडं होतीच. मार्चअखेर दोन जुन्या उधाऱ्या न मागताच वसूल झाल्या. एप्रिलमध्ये त्याच दोघांनी ऑर्डर बंद केली. त्यांना नोंदणी नसलेला मिलवाला सापडला असणार.

आता कलर सॉर्टरचं, म्हणजे रंगावरून खराब दाणा वेगळा काढणाऱ्या मशीनचं, कोटेशन टेबलाच्या काचेखाली आहे. सध्या शेजारच्या मिलवरून क्विंटलच्या दरानं सॉर्टिंग करून घेतो, वाहतुकीत डाळ फुटते. अनुदानाची योजना आहे, पण तिला बँकेचं कर्ज जोडून घ्यावं लागतं. वडील आता नाहीत, तरी लोकाचा पैसा न घ्यायची त्यांची अट मोडायला जीव होत नाही. बायको म्हणते कर्जाचं नंतर बघू, परळीच्या दोन दुकानदारांचे तीन आठवडे थकलेत ते आधी आणा. सोमवारी निघतोय.