सोयाबीनच्या वायद्यातून बाहेर पडल्यानंतर

लातूरच्या मोंढ्यात माझे बालपण गेले, त्यामुळे वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्यांत, उतरताना मी सोयाबीनशिवाय दुसऱ्या कशाचा विचारच केला नव्हता. आवक किती झाली, पोटलीचा, म्हणजे नमुन्यावरून ठरणारा, भाव काय निघाला, ओलावा किती आहे, हे मला रोज दुपारपर्यंत कळत असे आणि एवढी माहिती पुरेशी आहे असे मी प्रामाणिकपणे मानत होतो. ऑगस्ट 2021 मध्ये भाव क्विंटलला 10,000 रुपयांच्या आसपास असताना माझी वायद्यातली खरेदी उभी होती, म्हणजे ती मी अजून विकली नव्हती. त्याच महिन्यात केंद्र सरकारने 12 लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. भाव कोसळून सौदा खालच्या सर्किटला, म्हणजे दिवसभरात भाव जास्तीत जास्त जितका पडू शकतो त्या मर्यादेला, लागला, समोर घेणाराच उरला नाही आणि माझी विक्रीची ऑर्डर दिवसभर तशीच पडून राहिली. स्टॉप लॉस, म्हणजे ठरावीक भावाला आपोआप विकून तोटा थांबवणारी ऑर्डर, लावलेला होता. पण तोही कोणीतरी घेणारा असेल तरच उपयोगी पडतो, हे मला त्या दिवशी समजले. पुढे 20 डिसेंबर 2021 रोजी बाजार नियामक सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि मला नवीन बाजार शोधणे भागच पडले.

या वेळी मालाच्या ओळखीवर बाजार निवडायचा नाही, असे मी ठरवले. एका वहीत प्रत्येक सौद्याचे मागच्या वीस दिवसांचे उच्चांक आणि नीचांक लिहिले, आधीच्या दिवसाच्या बंद भावापासून पडलेली दरीही त्यात धरली आणि सरासरी हालचालीला लॉटच्या, म्हणजे एका सौद्यात घ्याव्या लागणाऱ्या किमान मालाच्या, आकाराने गुणले. माझे भांडवल 4 लाख रुपये होते. एका लॉटची एका दिवसाची सरासरी हालचाल 4,000 रुपयांच्या, म्हणजे 1 टक्क्याच्या आत बसली तरच तो सौदा माझ्यासाठी, अशी मर्यादा मी घातली. नैसर्गिक वायूचे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी भरावी लागणारी अनामत, मला परवडत होते, परंतु त्याचा लॉट 1,250 एमएमबीटीयूचा (हे वायू मोजण्याचे एकक) असल्यामुळे भाव 15 रुपये हलला की 18,750 रुपयांचा फरक पडत होता. 5 किलोची चांदी मिनीसुद्धा किलोमागे 1,000 रुपयांच्या हालचालीत 5,000 रुपये मागत होती. 1 किलोची चांदी मायक्रो मात्र बसली. मार्जिन परवडते म्हणजे सौदा परवडतो, या समजुतीने माझ्या ओळखीच्या अनेकांचे पैसे गेले आहेत, म्हणून हा हिशेब मी इतक्या तपशिलाने सांगतो आहे.

हळदीचा मोह मोठा होता. तिचा लॉट 5 टनांचा, त्यामुळे क्विंटलमागे 200 रुपये हलले की 10,000 रुपयांचा फरक. शिवाय दूरच्या महिन्यांत घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांत अंतर पडते आणि सर्किटची भीती तीच. मी ती सोडली.

नैसर्गिक वायूचा 250 एमएमबीटीयूचा मिनी सौदा आल्यावर तो मी घेऊ लागलो, कारण तेवढ्याच हालचालीत आता 3,750 रुपयांचाच प्रश्न होता. अमेरिकेतील वायूच्या साठ्याचा आकडा गुरुवारी संध्याकाळी, आपल्याकडे उन्हाळ्यात 8 आणि हिवाळ्यात 9 वाजता येतो. त्याने भाव अचानक हलू शकतो, म्हणून त्याच्या अर्धा तास आधी मी सौदा कापतो, म्हणजे मिटवून बाहेर पडतो. वहीतली सरासरी दर शनिवारी नव्याने काढतो. ती दुप्पट झाली की स्टॉप लॉस जवळ ओढत नाही, कारण तो नेहमीच्या हेलकाव्यातच लागून जातो. त्याऐवजी लॉट निम्मे करतो, आणि एकच लॉट असेल तर त्या आठवड्यात तो सौदा घेतच नाही.